अनशापोटी ते रिपोर्ट : वैद्यकीय तपासण्यांना पहिल्यांदा सामोरे जाताना

सकाळी साडेसातला रक्त द्यायला आलेल्या माणसाला "अनशापोटी आहात ना?" असे विचारले, की निम्म्या वेळा उत्तर येते, "हो, काहीच खाल्लं नाही, फक्त चहा घेतलाय." तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १९ वर्षे रक्त घेण्याचे काम केले आणि हा 'फक्त चहा' मला रोज भेटत असे. दूध-साखरेचा अर्धा कप चहासुद्धा उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा बदलतो, हे सांगितल्यावर लोक खजील होत. एका संकष्टीला आलेल्या मावशींनी "आज उपासच आहे" असे ठामपणे सांगितले. बाही वर करता करता कळले, की निघण्यापूर्वी त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. चूक त्यांची नव्हती. आदल्या दिवशी आमच्याच खिडकीवरून त्यांना "उद्या उपास करून या" असे सांगितले गेले होते.

तपासणीचा आकडा यंत्रातून बाहेर पडतो हे खरे असले, तरी तो किती विश्वासार्ह ठरणार, हे बऱ्याच अंशी नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असते. त्यातला मोठा वाटा रुग्णाच्या हातात असतो आणि नेमके तेच त्याला कुणी सांगत नाही.

चिठ्ठी हातात पडल्यावर

डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, की खोलीतून उठण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, या तपासणीतून आपण काय शोधतो आहोत. आणि दुसरा, रिपोर्ट चांगला किंवा वाईट आला तर उपचारात काय फरक पडेल. बहुतेक डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट बरेचदा एखादी तपासणी स्वतःहून खोडतात. तपासणी म्हणजे डॉक्टरांच्या मनातल्या एका शंकेला विचारलेला प्रश्न असतो. शंकाच ठाऊक नसेल, तर उत्तराचा कागद हातात घेऊन आपण नुसते ठळक छापलेले आकडे मोजत बसतो.

'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिरातींबद्दलही येथेच लिहिणे बरे. रिपोर्टवर आकड्यासमोर जी सामान्य मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. याचा सरळ अर्थ असा, की ठणठणीत माणसांपैकीही दर २० जणांत एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यातली निदान एक तरी मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ७०-८० तपासण्यांचे पॅकेज घेतल्यावर दोन-तीन आकडे ठळक छापून आले नाहीत, तरच नवल. मग त्या आकड्यांच्या मागे पुन्हा तपासण्या आणि पुन्हा धास्ती सुरू होते. वय, घरातला आजारांचा इतिहास आणि आपल्या सवयी पाहून डॉक्टरांनी निवडलेल्या पाच-सहा तपासण्या अशा पॅकेजपेक्षा अधिक उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आदली रात्र आणि निघण्याची सकाळ

अनशापोटी म्हणजे किमान ८ तास साध्या पाण्याखेरीज काहीही पोटात जाऊ न देणे. चहा, कॉफी, दूध, ताक, नारळपाणी, लिंबूपाणी, तंबाखू, मशेरी, यांतले काहीही चालत नाही. पाणी मात्र जरूर प्यावे; पाणी पिऊन आलेल्या माणसाची शीर लवकर सापडते आणि दुसऱ्यांदा टोचण्याची वेळ कमी येते. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स या रक्तातल्या चरबीच्या तपासण्यांसाठी काही ठिकाणी अजूनही १० ते १२ तास उपाशी राहायला सांगतात, जरी आता अनेक रुग्णांत पहिल्या तपासणीसाठी त्याची गरज मानली जात नाही. मात्र १४ तासांच्या पुढे उपाशी राहू नये. रात्री आठला जेवून सकाळी अकराला लॅबमध्ये येणारे ज्येष्ठ नागरिक खुर्चीत घेरी येऊन कलंडलेले मी पाहिले आहेत.

हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची तपासणी), डेंग्यू-मलेरिया यांसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. खिडकीवर सरसकट "उपाशी या" सांगण्याची पद्धत असते, म्हणून आपली नेमकी तपासणी कोणती आहे ते विचारून घ्यावे. विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने विनाकारण उपाशी राहणे धोक्याचे आहे.

गोळ्यांबाबत सर्वाधिक घोळ होतो. साधारण रीत अशी, की उपाशीपोटीच्या साखरेसाठी रक्त देण्यापूर्वी मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे नाही, ते डबा आणि पाण्याच्या बाटलीसह सोबत न्यायचे आणि रक्त दिल्यावर नाश्त्याच्या वेळी घ्यायचे. थायरॉईडची गोळीही रक्त दिल्यानंतर घेतलेली बरी. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यायची असते. रक्त पातळ करणारी गोळी कोणत्याही तपासणीसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नये. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर ते आवर्जून सांगावे, कारण काही यंत्रांमध्ये त्यामुळे थायरॉईडचे आकडे खोटे दिसतात. हे कुणी विचारत नाही, आपणच सांगावे लागते.

खुर्चीत बसल्यावर

प्रथम तुमचे पूर्ण नाव आणि वय विचारले जाईल. ते तुमच्या तोंडून वदवून घेतले पाहिजे, "सुनीता पाटील ना तुम्ही?" असे विचारून मान डोलावली की काम संपले, असे होता कामा नये, कारण आमच्याकडे एकाच सकाळी त्याच नावाच्या दोन बायका बसलेल्या असत. सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जात आहे आणि नळ्यांवर तुमच्यासमोर नाव लागते आहे, एवढे शांतपणे पाहावे. पाहणे हा तुमचा हक्क आहे.

नळ्यांच्या टोपणांचे रंग शोभेचे नसतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. त्यात पेशींची मोजणी आणि एचबीए१सी होते. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी, कारण त्यातल्या फ्लोराइडमुळे रक्तपेशींचे साखर खाणे थांबते. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिले, तर साखर खरीपेक्षा कमी दिसते. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठवून वरचे निवळ वापरतात. मूत्रपिंड, यकृत, थायरॉईडच्या तपासण्या त्यात होतात. चार नळ्या भरताना पाहून "किती रक्त काढता!" असे लोक म्हणतात, पण सगळे मिळून ते सहसा १० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पोहे खाण्याच्या दोन चमच्यांएवढे असते.

दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ एकदा मिटून स्थिर ठेवावी. जोरजोराने उघडझाप केल्याने पोटॅशियमचा आकडा वाढतो आणि मग नसलेल्या आजाराची चिंता सुरू होते. पूर्वी रक्त देताना चक्कर आली असेल, तर आधीच सांगावे, आडवे झोपवून रक्त घेता येते. सुई काढल्यावर कापूस ३ ते ५ मिनिटे दाबून धरावा, हात कोपरात दुमडू नये आणि चोळू तर नयेच. काळा-निळा डाग बरेचदा नीट न दाबल्याने किंवा चोळण्याने पडतो.

जेवणानंतरच्या साखरेसाठी २ तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, ताट धुऊन ठेवल्यापासून नव्हे. आणि त्या दिवशी तपासणीसाठी म्हणून अर्धी भाकरी खाऊ नये. रोजचेच जेवण, रोजचीच गोळी. आकडा चांगला आणण्यासाठी कमी खाणारा माणूस परीक्षेत कॉपी करतो, आणि निकाल त्याच्याच शरीराला लागतो.

लघवीच्या नमुन्यासाठी जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत घ्यावी. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सांगितली असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी निर्जंतुक डबीतच नमुना द्यावा आणि तो दोन तासांच्या आत पोहोचवावा. घरची लोणच्याची बरणी कितीही घासली तरी चालत नाही.

क्षयरोगाच्या तपासणीसाठी थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, मोकळ्या हवेत, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकत काढलेला घट्ट बेडका डबीत घ्यावा. पाण्यासारखी लाळ दिली, तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. गोव्यातील एक कंपनी बनवते ते क्षयाचे जंतू शोधणारे ट्रूनॅट यंत्र, ज्याच्या चाचण्यांची जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली, बॅटरीवरही चालते. त्यामुळे लहान केंद्रांतही आता हे निदान होऊ शकते.

रिपोर्ट वाचताना

आकड्यासमोर ठळक अक्षर दिसले म्हणून रात्री इंटरनेटवर शोधत बसू नये; आधी मर्यादेपासून तो किती दूर आहे ते पाहावे आणि मग जुना रिपोर्ट शेजारी ठेवावा. हिमोग्लोबिन १२.१ चे ११.९ होणे आणि १२.१ चे ८ होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत १३ च्या खाली, स्त्रियांत १२ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. उपाशीपोटीची साखर १०० पेक्षा कमी असावी; १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती मानतात, आणि १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेह. पण त्रास नसलेल्या माणसात हे निदान एकाच आकड्यावर करत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात.

एचबीए१सी म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.५ किंवा अधिक हे मधुमेहाचे लक्षण. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ त्यांच्यावर साखर चिकटत राहते, हे या तपासणीचे मर्म आहे. साहजिकच पेशींचे आयुष्यच बदलले, तर आकडा फसवतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा रुग्णांत पेशी लवकर फुटतात आणि एचबीए१सी खोटा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो किंचित जास्त दिसू शकतो. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर साखरेची तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर हे घालायलाच हवे.

पावसाळ्यात लॅबमध्ये सर्वांत जास्त विचारला जाणारा शब्द म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. सामान्यतः त्या दीड ते साडेचार लाख असतात आणि डेंग्यूत घटतात, पण डेंग्यूची गंभीरता केवळ त्यावरून ठरत नाही. ताप उतरू लागतो त्या दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्त घट्ट होते आहे का, हे महत्त्वाचे असते आणि ते त्याच रिपोर्टातील पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या ओळीवरून कळते. प्लेटलेट ९० हजार असूनही खेळणारे मूल आणि १ लाख १० हजार असून पोटात सारखे दुखणारे, उलट्या करणारे, मलूल झालेले मूल, यांत दुसऱ्याला तातडीने रुग्णालयात न्यायचे असते. डेंग्यूची एनएस१ ही विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम. म्हणून ताप नेमका कोणत्या दिवशी आला, ती तारीख सांगावी. कधी कधी जांभळ्या नळीत प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. काहीच त्रास नसताना आकडा अचानक ४० हजार आला, तर "काचेवर पाहिले का?", म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले का, असे विचारण्यात संकोच नको.

टायफॉईडसाठीची विडाल तपासणी आपल्याकडे अजूनही सर्रास होते. एकाच विडालवर विसंबणे योग्य नाही. जुन्या संसर्गाने किंवा लसीनेही ती पॉझिटिव्ह दिसू शकते. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेले ब्लड कल्चर त्याहून भरवशाचे, फक्त त्याला काही दिवस लागतात आणि पैसेही जास्त पडतात.

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय

छातीच्या एक्स-रेतून मिळणारे किरण फार थोडे, निसर्गातून सुमारे दहा दिवसांत आपल्याला मिळतात तेवढेच असतात. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र साधारण तीन वर्षांएवढे मिळतात. गरज असेल तेव्हा सीटीला घाबरू नये आणि गरज नसताना "एकदा करून टाका" असा आग्रह धरू नये. गरोदर असण्याची शक्यता असेल, तर दोन्हींपूर्वी सांगावे. सीटीत शिरेतून औषध सोडायचे असेल, तर आधी क्रिएटिनिन पाहतात. ते औषध जाताना सर्वांगात ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. खरे तर झालेली नसते, आणि हे आधी ठाऊक असले की माणूस दचकत नाही.

सोनोग्राफीत किरण नसतात. पित्ताशय पाहायचे तर सहा तास उपाशी, कारण खाल्ल्यावर ते आकुंचन पावते. गर्भाशय, प्रोस्टेट किंवा मूत्राशय पाहायचे तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी. गरोदर स्त्रीला ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, अर्जावर सही घेतात. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये केलेल्या कायद्यांमुळे ही नोंद आली आहे. गर्भाचे लिंग विचारणेही गुन्हा आहे, हे सोबत आलेल्या सासरच्या मंडळींनीही लक्षात ठेवावे.

एमआरआयमध्ये किरण नसले, तरी अत्यंत शक्तिशाली चुंबक असतो आणि तो तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, पदराला लावलेली सेफ्टी पिन, कवळी, श्रवणयंत्र, मोबाईल, बँकेची कार्डे, सर्व बाहेर ठेवावे. जोडवी वर्षानुवर्षे निघालेली नसतात, ती आदल्या रात्री घरीच साबण लावून काढलेली बरी. ऐन वेळी रडकुंडीला येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पेसमेकर, मेंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली क्लिप, हाडातील सळई किंवा लेथ-वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांतले काहीही असेल तर आधी सांगावे. आत २० ते ४५ मिनिटे स्थिर पडून राहायचे असते आणि हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. हातात एक रबरी फुगा देतात; तो दाबला, की तंत्रज्ञ थांबतो.

हृदयाच्या तपासण्या

ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदयविकाराचा झटका नाही, असे ठरत नाही. छातीत दुखत असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. तीही दुखणे सुरू झाल्यानंतर काही तासांनी वाढते, म्हणून दोनदा करावी लागते.

टूडी इको ही छातीवरून केलेली सोनोग्राफी. तीत 'ईएफ ६० टक्के' असे वाचून एक काका "म्हणजे ४० टक्के हृदय गेलं" असे समजून दोन दिवस जेवले नव्हते. भरलेल्या डाव्या कप्प्यातले किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, त्याचे ते प्रमाण आहे. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० टक्केच असते. स्ट्रेस टेस्टला, म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीला, हलके खाऊन आणि बूट घालून जावे. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, आणि छातीत दुखले तर लाजेखातर चालत राहू नये. अँजिओग्राफी ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे पाहण्याची तपासणी आहे आणि अँजिओप्लास्टी हा ते उघडण्याचा उपचार. दोन्हींच्या संमतीपत्रांवर एकत्र सही घेतली जात असेल, तर आधी ते विचारून समजून घ्यावे.

तुकडा तपासणीला पाठवताना

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे, केल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे आणि तिच्यामुळे लोक महिनोन्‌महिने गाठ अंगावर काढतात. योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीबाबत ही भीती अनाठायी आहे, आणि तुकड्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणते औषध हे ठरतच नाही. बहुतेकदा तुकड्याची बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात. तिच्यावर नाव, तारीख आणि शरीराचा भाग लिहिलेला आहे का ते तिथेच पाहावे. आतले पाण्यासारखे द्रव्य फॉर्मॅलिन असते, ते ओतून टाकू नये. मात्र क्षयरोगाची शंका असेल, तर फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. म्हणून एक तुकडा वेगळ्या बाटलीत सलाईनमध्ये द्यायचा आहे का, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे. नंतर आठवून उपयोग नसतो. रिपोर्ट मिळाला तरी तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे आणि त्यांच्या चकत्यांच्या काचा लॅबकडून मागून घेता येतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेल्यास त्या लागतात.

लॅब आणि फाईल

लॅब निवडताना रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची सही असते का, हे पाहावे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा आग्रह उचलून धरला. आमच्यासारखे तंत्रज्ञ रक्त घेतात, यंत्र चालवतात, पण अर्थ लावण्याची जबाबदारी डॉक्टरांची. एनएबीएल या लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असेल तर उत्तम. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत, तेव्हा महागड्या तपासणीपूर्वी तिथे चौकशी करावी. वारंवार करायची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते.

रिपोर्टांची फाईल तारखेप्रमाणे लावावी, सर्वांत नवा वर. ईसीजीची पट्टी बहुधा उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असते. ती वर्ष-दोन वर्षांत फिकी पडते आणि प्लास्टिकच्या पाकिटात तर त्याहून लवकर. ती मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवावी आणि झेरॉक्सवर, त्या वेळी छातीत दुखत होते की नव्हते, एवढी एक ओळ पेनाने लिहावी.